आईला वेळ, बाळाला बळ



मी कृषी खात्यातला विस्तार अधिकारी. बी. एस्सी. ॲग्री होऊन नोकरीला लागलो, त्याला आता तीस वर्षं होत आली. एवढा काळ अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, त्यातही पारनेरकडच्या गावांतून फिरलो. बांधावर उभं राहून बी-बियाणं, खत-पाणी आणि कीड-रोग यांवर बोलणं हा माझा रोजचा धंदा. पण आज पिकाविषयी बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते पाळण्यातल्या बाळाविषयी, त्याच्या पहिल्या सहा महिन्यांविषयी.

तुम्ही म्हणाल, शेतीच्या साहेबाला हे कुठून सुचलं? कारण घरचंच आहे. मागच्या मार्गशीर्षात आमची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि आमच्याकडं नात जन्मली. तिची वाढ मला रोजच्या रोज, अगदी जवळून पाहता आली. त्या सहा महिन्यांत आनंद झाला तसा एकदा जीव टांगणीलाही लागला. त्यातून जे समजलं ते तुमच्या कानावर घालावं असं वाटलं.

दुसरंही एक कारण आहे. शेतकऱ्याला विचारा, तुझी ज्वारी पोटरीला कधी आली? तो तिथीवार सांगेल. गाय सकाळी किती लिटर देते आणि संध्याकाळी किती, हे त्याला तोंडपाठ असतं. पण घरातल्या तीन महिन्यांच्या बाळाचं वजन किती, असं विचारलं की तो बायकोकडं बघतो. बायको सासूकडं बघते. आणि सासूबाई म्हणतात, “चांगलं बाळसं धरलंय की!” बाळसं धरलं हे चांगलंच झालं. पण किती धरलं, आणि मागच्या महिन्यापेक्षा वाढलं की थांबलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

चीक वासराला, मग बाळाला का नाही?

आमची नात सरकारी दवाखान्यात जन्मली. वजन भरलं दोन किलो दोनशे ग्रॅम. अडीच किलोच्या आत वजन भरलं की ते बाळ कमी वजनाचं धरतात. “पहिली बेटी धनाची पेटी” म्हणून सगळ्यांनी तोंड गोड केलं खरं, पण ते मुठीएवढं तोंड पाहून आमच्या मंडळींचा चेहरा उतरला होता. नर्सबाईंनी मात्र धीर दिला. बाळ पुऱ्या दिवसांचं आहे, रडलं चांगलं, ओढतंय चांगलं, घाबरायचं कारण नाही, असं म्हणून त्यांनी बाळाला पुसून कोरडं केलं आणि तासाभराच्या आत आईच्या छातीशी दिलं.

तेवढ्यात नात्यातल्या एक आजीबाई मधाचं बोट घेऊन पुढं झाल्या. त्यांची माया खोटी नव्हती. त्यांच्या काळात तशीच रीत होती. नर्सबाईंनी हात जोडून त्यांना थांबवलं. मधातून लहान बाळाला क्वचित फार वाईट आजार होऊ शकतो, म्हणून बाळ वर्षाचं होईपर्यंत मध चाटवायचाच नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं.

बंधूंनो, आपल्या गोठ्यात गाय व्याली की आपण पहिल्यांदा काय करतो? वासराला कासेला लावतो. चीक पोटात गेला नाही तर वासरू तग धरत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. वासराच्या अंगात जन्मताना रोगाशी झुंजायची शक्ती जवळजवळ नसतेच, ती चिकातूनच मिळते. माणसाच्या बाळाला ती थोडी आईच्या पोटातच मिळालेली असते. तरीही आईचा घट्ट पिवळसर चीक हीच त्याची पहिली लस. पहिल्या दिवशी एका वेळी चहाच्या चमच्याएवढा चीकही त्याला पुरतो, कारण त्याचं पोटच तेवढं असतं. आपण गाईच्या चिकाचा खरवस करून आवडीनं खातो आणि त्याच घरात बाळंतिणीचा चीक “जड असतो, बाधतो” म्हणून पिळून टाकतो. याला काय म्हणावं?

चौथ्या दिवशी नातीचं वजन केलं तर दोन किलो ऐंशी ग्रॅम! आधीच कमी, त्यात आणखी घट. पण हेही समजून घ्या. जन्मल्यानंतर पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं. शंभर भागांत सात ते दहा भागांपर्यंत उतरलं तर ते नेहमीचं असतं, आणि दहा ते चौदा दिवसांत ते भरून येतं. रोप एका वाफ्यातून दुसरीकडं लावलं की चार दिवस मान टाकतं, मग मूळ धरतं, तसंच हे आहे. चौदाव्या दिवशी काटा दोन किलो अडीचशेवर आला आणि आमच्या जिवात जीव आला.

छातीची ऊब

कमी वजनाच्या बाळाचा मोठा वैरी म्हणजे थंडी. त्याच्या अंगावर चरबी नसते, म्हणून ते लवकर गारठतं. आणि आमच्याकडं मार्गशीर्ष-पौषाची थंडी तुम्ही जाणताच.

दवाखान्यात एक साधा उपाय शिकवला. आईनं पदराखाली बाळाला उघड्या अंगानं आपल्या उघड्या छातीशी उभं धरायचं, डोक्याला टोपडं, पायांत मोजे, वरून दुपटं. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरातल्या डॉक्टरांनी ती सुरू केली. तिथं बाळं ठेवायच्या काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा त्यांनी आईलाच पेटी केली. आज ही रीत जगभर चालते. ती करायला एक पैसा लागत नाही.

जावईबापू दुसऱ्या आठवड्यात भेटायला आले. बी.ए. झालेला, शेती करणारा पोरगा. लेक जेवायला उठली तेव्हा आशाताईंनी त्याला सांगितलं, “दाजी, सदरा काढा आणि आता तुम्ही घ्या.” आधी लाजला. आमच्या ओट्यावरच्या दोन-चार म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसल्या. पण त्यानं बाळाला छातीशी घेतलं, वरून घोंगडं पांघरलं आणि तासभर हलला नाही. पोर शांत झोपली. बापाच्या छातीची ऊब आईच्या ऊबेपेक्षा कमी नसते. त्या दिवसापासून तो पोरगा खऱ्या अर्थानं बाप झाला असं मला वाटतं, आणि त्याचा उपयोग पुढं कसा झाला ते सांगतोच.

ऊब द्यायची म्हणून बाजेखाली शेगडी ठेवून दारं-खिडक्या बंद करू नका. कोंडलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो आणि धुरी बाळाच्या नाजूक फुप्फुसात जाते. आंघोळीचीही घाई नको. आमच्याकडं नाळ पडेपर्यंत कोमट कपड्यानं पुसण्यावरच भागवलं. नाळेला तेल, हळद, राख असं काही लावलं नाही, कोरडी ठेवली. काजळ डोळ्यांत घातलं नाही. दृष्टीची तीट गालाला लावली, त्यानं कुणाचं बिघडत नाही.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी आल्या. दर वेळी वजन, ताप, नाळ, अंगाचा पिवळेपणा पाहून गेल्या. या घरभेटींच्या मागं आपल्या महाराष्ट्रातलंच एक मोठं काम आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी सुरू केली. तिसऱ्या वर्षी तिथले महिन्याच्या आतले बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ साली जगापुढं मांडलं गेलं आणि २०११ पासून ही पद्धत आशाताईंमार्फत देशभर आली. तेव्हा आशाताई दारात आल्या की “आमचं सगळं बरं आहे” म्हणून वाटेला लावू नका. बाळाला उघडं करून पाहू द्या.

काटा आणि कार्ड

एक महिन्याला आमची नात दोन किलो साडेसातशे झाली, दोन महिन्यांना तीन किलो सातशे आणि तीन महिन्यांना साडेचार किलो. दुधावरचं बाळ पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण वीस ते तीस ग्रॅम वाढतं. पाच-सहा महिन्यांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट होतं आणि वर्षाला तिप्पट. असं पीक तुमच्या-माझ्या शेतात कुठलंच नाही!

हे आकडे माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिलेले असतात. त्यात वाढीचा तक्ता असतो. मुलीचा गुलाबी, मुलाचा निळा. दर महिन्याला वजनाचा ठिपका द्यायचा आणि ठिपके जोडायचे. रेघ वर चढत गेली तर ठीक. आडवी झाली तर सावध व्हायचं. खाली वळली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अंगणवाड्या आपल्याकडं १९७५ पासून आहेत, वजनकाटा आणि हा तक्ता तिथं असतोच.

पण कार्डाची गत मृदा आरोग्य पत्रिकेसारखी होते. २०१५ पासून मातीची ती पत्रिका मिळू लागली. कित्येकांच्या घरी ती ट्रंकेत घडी घालून ठेवलेली मी पाहिली आहे, आणि खत मात्र दुकानदार सांगेल ते टाकलं जातं. बाळाचं कार्डही तसंच. लसीच्या दिवशी बाहेर निघतं, पुन्हा आत जातं.

कुणी म्हणतात, आमच्यात पोरं बारीकच असतात, वाणच तसा. तर ऐका. हा तक्ता करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं सहा देशांतली मुलं पाहिली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपला भारत. आपल्याकडची मुलं दिल्लीची होती. ज्या बाळांना आईचं दूध, स्वच्छता आणि औषधपाणी नीट मिळालं, ती सगळ्या देशांत जवळजवळ सारखीच वाढली. त्यावरून २००६ साली हा तक्ता निघाला. म्हणजे वाणाला दोष देण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षांत फरक पडतो तो मशागतीचा.

मात्र शेजारणीच्या बाळाशी आपल्या बाळाची तुलना करू नका. तिचं गुटगुटीत असेल, आपलं सडपातळ असेल. आपल्या बाळाची रेघ आपल्या वाटेनं चढते आहे ना, एवढंच पाहा.

पहिलं हसू

सगळंच काट्यावर मोजता येत नाही. पहिले चार-सहा आठवडे बाळ म्हणजे झोप, दूध, शी-शू आणि रडणं. त्याला दूरचं दिसत नाही. वीत-दीड वीत अंतरावरचं तेवढं बरं दिसतं. आता पाहा, मांडीवर पिणाऱ्या बाळापासून आईचा चेहरा बरोबर तेवढ्याच अंतरावर असतो. निसर्गानं त्याला पहिल्यांदा पाहायला दिलं ते आईचं तोंड.

सातव्या आठवड्यात, शेतात हुरडा चालू असताना, लेक तिला मांडीवर घेऊन बोलत होती आणि ती हसली. झोपेतलं हसू वेगळं असतं. त्याला आपण सटवाई हसवते म्हणतो. हे हसू डोळ्यांत डोळे घालून, ओळख देऊन हसलेलं. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. महिना-दीड महिना रात्री-अपरात्री उठून ती वाळली होती. त्या एका हसण्यात तिचा सगळा शीण गेला.

मग रोज नवीन काहीतरी. कधी स्वतःच्या मुठीकडं टक लावून पाहणं, कधी ‘आगूं’ म्हणून हुंकार देणं, आणि आपण पुन्हा ‘आगूं’ म्हटलं की पाय झाडणं. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की मान वळवायची. तिसरा महिना संपता संपता मान धरू लागली. हे सगळं प्रत्येक बाळ आपापल्या वेळेला करतं, आठवडा-दोन आठवडे मागं-पुढं होतं. पण तीन महिने झाले तरी बाळ हसत नाही, नजरेला नजर देत नाही, मोठ्या आवाजाला दचकत नाही, असं असेल तर वाट पाहत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

बाळाशी बोलत चला. त्याला कळत नाही असं समजू नका. गडीमाणसांनीसुद्धा शेतातून आल्यावर हातपाय धुऊन घटकाभर त्याला घ्यावं. त्यात कमीपणा नाही.

रेघ आडवी झाली

तीन महिने झाले आणि रीतीप्रमाणं लेक सासरी गेली. खेळणं, पाळणा, झबली-टोपडी, डिंकाचे लाडू, सगळं सोबत दिलं. घर सुनं झालं. ते होणारच.

एप्रिलच्या सुरुवातीला एका रात्री जावईबापूंचा फोन आला. “मामा, आज अंगणवाडीत वजन केलं. चार किलो सहाशे भरलं. महिन्यात शंभरच ग्रॅम वाढलं. रेघ आडवी झाली.”

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेलो. ताप नव्हता, जुलाब नव्हते, तिथल्या डॉक्टरांनी तपासून आजार काही नाही असं सांगितलं होतं. पण पोर किरकिरी झाली होती आणि तिचं हसणं कमी झालं होतं. मग ओसरीत बसून सगळं विचारलं, तेव्हा उलगडा झाला.

ज्वारीची काढणी-मळणी उरकते न उरकते तोच उन्हाळी कांदा काढणीला आला होता. मजूर मिळत नव्हते. लेक सकाळी आठला पाजून शेतात जायची, ती दुपारी एकला जेवायला यायची, पुन्हा दोनला जाऊन दिवस मावळताना परत. मधल्या वेळात पोर रडली की आजी चमच्यानं पाणी द्यायची, कधी साखरपाणी, कधी गुटीचं वळसं. उन्हाळा मोठा, पोरीच्या नरड्याला कोरड पडू नये म्हणून. यात कुणाची कुचराई नव्हती. सून कष्टाळू, सासू मायाळू, मुलगा राबणारा. तरी पोरीची वाढ खुंटली होती.

वाचकहो, मुलीचा बाप सासरघरी जाऊन काय बोलणार? आपल्याकडं त्यानं खालच्या मानेनं चहा प्यावा आणि यावं, अशी रीत. पण इथं गप्प बसण्यासारखी वेळ नव्हती. विहीणबाई स्वतःच म्हणाल्या, “पाव्हणं, एवढ्या उन्हाचं पाणी न्हाई दिलं तर पोरीला शोष पडंल की!”

त्यांच्या गोठ्यात चार गाई. मी म्हटलं, “ताई, वासराला कासेला सोडायच्या आधी त्याच्यापुढं पाण्याची बादली ठेवली आणि ते पोटभर पाणी प्यालं, तर कास नेटानं ओढील का?”

“न्हाई ओढायचं.”

“आणि गाईची धार आठवडाभर एकच वेळ काढली तर?”

“आटंल की गाय!” असं म्हणाल्या आणि एकदम थांबल्या. पाळण्याकडं पाहिलं. पुढं मला काही सांगावंच लागलं नाही.

दुधाचा हिशेब गाईला आणि आईला सारखाच. जेवढं ओढलं जातं तेवढं तयार होतं. बाळ कमी ओढू लागलं की दूध कमी होतं, मग “दूध पुरत नाही” म्हणून वरचं सुरू होतं, आणि वरचं सुरू झालं की दूध आणखी आटतं. आईच्या दुधात शंभर भागांत सुमारे सत्त्याऐंशी भाग पाणीच असतं. म्हणून सहा महिन्यांपर्यंत भर उन्हाळ्यातही बाळाला वेगळं पाणी लागत नाही, त्याला दूधच जास्त वेळा पाजायचं. पाण्यानं पोट भरतं, वजन भरत नाही. शिवाय पाण्यातून, वाटी-चमच्यातून जुलाबाची भीती असते ती निराळीच.

सावड

मग प्रश्न उरला कांद्याचा. कांदा शेतात ठेवता येत नाही, हे मला कुणी सांगायला नको. त्यावर तोड त्या घरानंच काढली. विहीणबाई म्हणाल्या, “माझी कंबर अजून चालती. दोन सऱ्या मी ओढते, ही घरी बसून पोरीला पाजंल.” जावईबापूंनी शेजारच्या दोन घरांशी सावड केली. आज तुमच्या कांद्याला आम्ही, उद्या आमच्याला तुम्ही. आणि लेकीच्या जागी एका बाईचा रोज धरला. त्यानं माझ्यासमोर हिशेब मांडला. “मामा, रोजाचे पैसे जातील खरे. पण कांद्याचा भाव पुढच्या वर्षी पुन्हा येईल, पोरीचे हे दोन महिने पुन्हा येणार नाहीत.” तीस वर्षांत शेतीचे पुष्कळ हिशेब पाहिले, इतका चोख हिशेब थोड्यांनीच मांडलेला पाहिला.

लेक घरी राहिली. दिवस-रात्र धरून आठ-दहा वेळा पाजू लागली. पाजताना एका बाजूचं पुरतं संपल्यावरच दुसरी बाजू, कारण सुरुवातीचं दूध पातळ असतं आणि साय असलेलं दूध शेवटी येतं. तिच्या ताटाकडंही घरानं लक्ष दिलं. पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा सुमारे सहाशे उष्मांक जास्त लागतात. म्हणजे रोजच्यापेक्षा दोन भाकरी जास्त, वर वाटीभर डाळ आणि मूठभर शेंगदाणे. पालेभाजी, दूध, अंडी परवडेल तसं. बाळंतिणीला पाणी, भाजी, फळं तोडायची नाहीत. तहान लागेल तेवढं पाणी तिलाच प्यायला द्यायचं, बाळाचं पाणी त्यातूनच जातं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. तिच्या राहिल्या होत्या, त्या आरोग्यसेविकेकडून आणून पुन्हा सुरू केल्या.

पहिले चार-पाच दिवस दूध कमीच वाटलं. लेक रडकुंडीला आली. पण बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करतंय, पिऊन झालं की शांत होतंय, तर दूध पुरतंय, असं आशाताईंनी सांगितलं आणि तिनं धीर सोडला नाही. आठवड्यानंतर दूध वाढलं. पाचव्या महिन्याचं वजन भरलं पाच किलो तीनशे. महिन्यात सातशे ग्रॅम! जावईबापूंनी तक्त्याचा फोटो काढून पाठवला. आडवी झालेली रेघ पुन्हा वर चढली होती. सहा महिन्यांना पाच किलो नऊशे. पोर पालथी पडून मान वर काढते, हाताला लागेल ते तोंडात घालते आणि आजीचा आवाज ऐकला की खिदळते.

तुमच्या घरी पाळणा असेल तर

आता हे सगळं तुमच्यासाठी का सांगितलं? आपण समजतो, बाळाला काहीतरी द्यायला हवं. गुटी द्यावी, पाणी द्यावं, डब्यातली पावडर द्यावी. पण पहिले सहा महिने बाळाला आई सोडून काही लागत नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध, थेंब आणि वेळेवर लस एवढंच काय ते वेगळं. द्यायचं ते आईला. अन्न द्या, झोप द्या, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वेळ द्या. झाडाला पाणी आपण शेंड्यावर ओतत नाही, बुंध्याशी घालतो. बाळाचा बुंधा म्हणजे आई.

हंगाम कुणाला चुकत नाही आणि सगळ्यांनाच मजूर लावणं परवडत नाही, हे मी जाणतो. अशा वेळी आईला जावंच लागलं तर बाळ शेतावर न्या. लिंबाच्या सावलीत झोळी बांधा, दोन-दोन तासांनी तिला पाजायला सोडा. मुकादमानं किंवा मालकानं त्यावर कुरकुर करू नये. तेही जमत नसेल तर आईनं हात स्वच्छ धुऊन दूध उकळलेल्या वाटीत काढून, झाकून, सावलीत थंड जागी ठेवावं आणि ते तीन तासांच्या आत वाटी-चमच्यानं पाजावं. बाटली नको.

लसी चुकवू नका. जन्मल्यावर, मग दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिन्यांना. लसीनंतर एखादा दिवस ताप येतो म्हणून पुढची लस टाळू नका. आणि बाळ पिणं सोडून देईल, मलूल पडेल, अंग गार लागेल किंवा तापेल, मिनिटाला साठपेक्षा जास्त वेळा श्वास घेईल, छाती आत ओढली जाईल, झटका येईल, नाळेतून पू येईल किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसतील, तर अंगाऱ्या-धुपाऱ्यात वेळ न घालवता १०२ किंवा १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

सहा महिने पुरे झाले की उष्टावण थाटानं करा आणि त्या दिवसापासून मऊ वरण-भात, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, भाजीचा घट्ट गर असं रोज थोडं थोडं वाढवत न्या. आईचं दूध मात्र दोन वर्षं चालू ठेवा.

आणि बापांनो, तुम्हाला एक सांगणं आहे. आज घरी गेल्यावर ट्रंकेतून कार्ड काढा. शेवटचा ठिपका कधी दिला आहे ते पाहा. महिना उलटून गेला असेल तर उद्या सकाळी बाळाला स्वतः उचलून अंगणवाडीत न्या, वजन करा आणि आकडा पाठ करा. कारखान्याची उसाची पावती जशी जपता तसं ते कार्ड जपा. आणि त्या दिवशी घरधनीण कुठल्या कामाला निघाली आहे ते विचारून त्यातलं निम्मं आपल्या अंगावर घ्या. तुमच्या बाळाचं पुढच्या महिन्याचं वजन त्यातूनच वाढायचं आहे.